ब्रेकमधली हवा

माझे सासरे ट्रकचे मिस्त्री. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सुरुवातीचे काही महिने मी त्यांना पायांवरूनच ओळखत होते, कारण उरलेला माणूस कायम कुठल्यातरी गाडीखाली असायचा. अंगणात ट्रक उभा, ट्रकखालून दोन बूट बाहेर आलेले, त्यातल्या डाव्या बुटाला नाडीच्या जागी तार बांधलेली, हे माझे सासरे. बुटांना चहा झालाय म्हणून सांगितलं तर बूट हलायचे नाहीत. कप शेजारी ठेवून यायचा. थोड्या वेळाने एक काळा हात बाहेर येऊन तो आत घेऊन जायचा.

मिस्त्री म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. लांबलांबचे ड्रायव्हर गाड्या घेऊन यायचे. सासरे बॉनेट उघडायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि बेअरिंग गेलंय म्हणून सांगायचे. बेअरिंग गेलेलंच असायचं. ड्रायव्हर शेजारी उभा राहून आपल्या गाडीची सगळी कर्मकहाणी ऐकवत असायचा, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. लोक म्हणायचे, कामात किती बुडालेला माणूस आहे. मला तो सरळसरळ उद्धटपणा वाटायचा आणि मी तसं नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. नवरा म्हणाला, बाबा पहिल्यापासून तसेच आहेत.

नवऱ्याचं आणि वडिलांचं भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. घरचा ट्रक नवरा चालवायचा आणि सासरे दुरुस्त करायचे, आणि दोघांमधला सगळा व्यवहार त्या ट्रकमार्फत चालायचा. गाडीत काही बिघडलं की नवरा ती अंगणात लावून निघून जायचा. गाडी नीट झाली की सासरे किल्ली खिळ्याला अडकवायचे. अशी माणसं मी आमच्या माहेरी पाहिली नव्हती. आमच्याकडे मिठाची बरणी हलवायची तरी चौघं बोलतात.

सासूबाईंचं तर आणखीच विचित्र. माझ्याशी, शेजारणीशी, दूधवाल्याशी त्या भरभरून बोलायच्या. सासऱ्यांशी मात्र शब्द नाही. जेवायला बोलवायचं असलं तर जाऊन खांद्याला हात लावायच्या आणि ताटाकडे बोट दाखवायच्या. कधीकाळी काहीतरी मोठं बिनसलं असणार आणि दोघं हटून बसली असणार, असं मी धरून चालले होते. विचारायची सोय नव्हती. नवी सून सासूला असलं काही विचारत नाही, आणि जुनी झाले तोवर माझं कुतूहल संपलं होतं.

एकच काम ती दोघं मिळून करायची, ते म्हणजे ब्रेकची हवा काढायचं. ते थोडं समजावून सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या ट्रकसारख्या जुन्या गाडीत पेडलपासून चाकापर्यंत बारीक लोखंडी पाइप जातात आणि त्यांत तेल असतं. पाइप बदलला की तेलात हवा शिरते, आणि हवा असली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, मधल्यामध्ये विरतो. म्हणून एकाने वर बसून पेडल काही वेळा मारायचं आणि शेवटी दाबून धरायचं. धरलं की खालच्याने चाकामागचा निपल नावाचा बारीक बोल्ट सैल करायचा, म्हणजे हवा आणि तेल फसफसत बाहेर येतं. निपल पुन्हा आवळलं की मगच वरच्याने पाय उचलायचा. वरचा अजून पाय खालीवर करतोय आणि खालच्याने निपल उघडलं, तर गेलेली हवा परत आत ओढली जाते. एवढंच शास्त्र आहे. दोन माणसांचं जुळलं तर फार वेळ लागत नाही.

सासरे खालून "दाब" म्हणायचे. सासूबाई दाबायच्या, आणि धरलं की हातातल्या मोठ्या पान्याने केबिनच्या तळाला खणकन एक ठोका द्यायच्या. "सोड" म्हटलं की सोडायच्या. मी ते कपडे वाळत घालता घालता कितीदा पाहिलं होतं. काय हा ताठा, असं मला वाटायचं. स्वतःच्या नवऱ्याला "धरलंय" एवढंसुद्धा म्हणायचं नाही, पाना आपटायचा.

मग एका वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याच सुमारास एकदा खाणीतले दगड उतरवून परत येताना नवऱ्याच्या पायाखालचं पेडल अचानक केबिनच्या तळाला टेकलं. सुदैवाने गाडी रिकामी होती आणि रस्ता सपाट. त्याने गिअर पाडले, हँडब्रेक ओढला आणि गाडी वाळूच्या ढिगात घातली. हँडब्रेकवर हळूहळू गाडी घरी आणल्यावर "पाइप फुटला" एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. हात धुऊन झाले तरी तो नळ चालू ठेवून तिथेच उभा होता, ते मी पाहिलं.

सासरे गाडीखाली जाऊन आले. एक पाइप फुटला होता, पण बाकीचेही गंजून पापुद्रे धरलेले. नखाने खरवडलं की पाइपाचा तुकडाच हातात यायचा. एक बदलला की दुसरा फुटणार, म्हणून त्यांनी सगळेच काढायचे ठरवले. दोन दिवस ते नवे पाइप कापत होते, जुन्याला लावून लावून वाकवत होते, टोकं फुलवत होते. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करीन. गाडीच्या सांगाड्याच्या, म्हणजे चासीच्या कडेने पाइप असे बसवले होते की बघत राहावं. उरली फक्त हवा.

घरात धड पाय असलेली आणि रिकामी अशी मीच होते. मी शिवणकाम करते, मशीनवर पाय मारून आयुष्य गेलं, त्यामुळे पेडलचं मला कौतुक नव्हतं. निघाले तर खिडकीजवळ पलंगावर टेकलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तो पाना घेऊन जा वर."

"कशाला?"

"धरलंस की ठोकायला."

"आई, मला तोंड आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग अंगणातल्या बुटांकडे पाहिलं. "ते आहेच," म्हणाल्या.

मी केबिनमध्ये चढले. खालून "दाब" आलं. मी दाबलं, पुन्हा दाबलं, धरलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "धरलंय." खाली कधी निपल लगेच उघडायचं, कधी उशिरा, कधी माझा पाय अजून खालीवर होत असतानाच. "थांबा, धरलं नाही अजून," मी म्हणायचे. मग "सोड" यायचं. असं मागच्या डाव्या चाकापासून सुरू करून चारही चाकांना झालं. पेडल भिजलेल्या उशीसारखं राहिलं. पुन्हा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात.

दुपारपर्यंत माझी मांडी भरून आली. सासऱ्यांनी आधी तेलाला नावं ठेवली, डबा बदलला. मग निपलं बदलली. मग सगळे जोड पुन्हा आवळले. प्रत्येक वेळी बाहेर येऊन ते माझ्याकडे बघायचे, मी काहीतरी बोलत असायचे, आणि ते मान फिरवून परत खाली जायचे. शेवटी म्हणाले, "शिवणाच्या मशीनसारखा पाय मारतेस तू." मी सकाळपासून त्या केबिनमध्ये भाजून निघाले होते. माझ्या तोंडून जे निघालं ते सासऱ्यांना बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी ते अगदी शांतपणे घेतलं, आणि मला थोडं वरमल्यासारखं झालं.

जेवणानंतर नवरा आला. दुसऱ्या दिवशी खाणीतून भरलेली गाडी खाली आणायची होती. तो चढला, पेडल दाबलं. "बाबा, पहिल्यांदा खाली जातंय." सासरे पाठमोरे, चिंधीला हात पुसत होते. नवऱ्याने उतरून त्यांच्यासमोर येऊन पुन्हा सांगितलं.

"दोनदा दाबलं की लागतात," सासरे म्हणाले. "झालंय. उद्या ने गाडी."

"बरं," नवरा म्हणाला.

खाणीचा रस्ता मी पाहिलेला आहे. वरून निघालं की वळणामागून वळण, एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. उतार संपतो तो थेट बाजाराच्या चौकात. पाठीवर दगड भरलेला ट्रक तिथून खाली येताना ड्रायव्हरला पेडल दोनदा दाबायला सवड मिळेल की नाही, हे मला शिवणकाम करूनही कळत होतं. मिस्त्रीला कळत नसेल हे शक्य नव्हतं. आणि माझा नवरा, जो त्या दिवशी नळ चालू ठेवून उभा राहिला होता, तो "बरं" म्हणून सकाळी ती गाडी घेऊन जाणार होता, कारण वडिलांनी झालंय म्हटलं होतं. मला भीती वाटली. दुसरा कुठला शब्द मी शोधत बसत नाही.

नवरा घरात गेला तशी मी पुन्हा केबिनमध्ये चढले आणि बसून राहिले. सासऱ्यांना बोटाने गाडीखालची जागा दाखवली. "उतर," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी खूप वेळ वाट पाहिली. मग पाने उचलले आणि कुरकुरत खाली गेले.

"दाब."

मी दाबलं नाही. मी बोलायला लागले. म्हटलं, तुमच्या मुलाचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही काय कराल, पाइप बघत बसाल का. खालून काही नाही. म्हटलं, पेडल तळाला टेकतंय हे तुम्हाला दिसत नाही का. काही नाही. राग डोक्यात गेला होता.

"ट्रकला आग लागलीय," मी म्हणाले.

"दाब," खालून आलं.

"आई प्लास्टरसकट पळून गेल्या."

"धर."

मी पाय पेडलवर ठेवलाच नव्हता. खाली निपल उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. "सोड," सासरे म्हणाले.

मी तशीच बसून राहिले. मग उतरले, बुटांना ओलांडलं आणि घरात गेले.

सासूबाई खिडकीतून सगळं बघत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी पलंगावर जागा करून दिली. "कळलं?"

"कधीपासून?"

"तुझा नवरा शाळेत होता तेव्हापासून कमी कमी होत गेलं. आता काहीच नाही. इंजिनाचं तेवढं हाडातून कळतं त्यांना, आणि ठोका अंगाला कळतो. पडल्या पडल्या एक हात चासीला लावून ठेवतात ते."

"आणि त्यांना माहीत नाही?"

"त्यांना वाटतं हल्ली लोक पुटपुटतात."

"मला वाटायचं तुमचं भांडण आहे."

"मोठ्याने बोलले तर चार घरं ऐकणार. मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हटल्यावर गाडी कोण आणून लावेल दारात? आणि त्यांनाही कळणार. मग त्यांचं काय राहिलं?" त्यांनी चादरीची घडी उगीचच सारखी केली. "बोलायचं ते मनात ठेवायची सवय होते गं. सुरुवातीला जड जातं."

"आणि तुमचा मुलगा? तो उद्या ही गाडी नेणार आहे."

"म्हणून तर पाना घे म्हटलं तुला," सासूबाई म्हणाल्या.

मी पाना घेतला. केबिनमध्ये चढून पेडल मारलं, धरलं आणि तळाला असा ठोका दिला की गंज खाली पडला. खाली क्षणभर काहीच झालं नाही. मग निपल सावकाश उघडलं आणि हवा फसफसत बाहेर आली. आवळल्यावर "सोड" आलं, सकाळपासूनच्या "सोड"पेक्षा जरा हळू. त्यानंतर काही अडलं नाही. चहाची वेळ व्हायच्या आत पेडल पायाखाली दगडासारखं लागायला लागलं.

सासरे बाहेर आले, पेडल स्वतः दाबून पाहिलं आणि मला बाजूला सरकायला सांगून स्टिअरिंगवर बसले. कुठे जायचं ते बोलले नाहीत. गाडी खाणीच्या रस्त्याने वर चढली. वर त्यांनी ती वळवली आणि उताराला लावली. मी दाराची कडी धरून बसले. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, एकदाच, आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुढच्या वळणावर जरा वेग येऊ दिला, पुन्हा एकदाच. अशी आम्ही खाली आलो. चौकाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे तोंड करून बसले.

"आता बोल," म्हणाले. "बाहेर आलो की प्रत्येक वेळी तुझं तोंड चालू दिसत होतं."

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"माहीत आहे."

मी तयारी वेगळ्याच उत्तराची केली होती. "आईंना वाटतं तुम्हाला माहीत नाही."

"तेही माहीत आहे. वाटू दे. एवढी वर्षं सांभाळलंय तिने. मला कळलंय म्हटलं तर तिला वाईट वाटेल."

"मग हवा का निघत नाही हे तुम्हाला सकाळीच कळलं असेल."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. आता ती नजर मला उद्धट वाटली नाही, आणि त्यामुळे पुढचं बोलणं अवघड झालं. पण मी बोलले. "कळलं असूनही तुम्ही त्याला ने म्हणालात. दगड भरून, या उतारावरून."

"हो," सासरे म्हणाले. "‘पोरी, ठोक, मला ऐकू येत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून जिभेवर होतं. निघेना. मग म्हटलं, दोनदा दाबलं की लागतात."

मला त्या माणसाचा संताप आला होता आणि त्याची कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणसाला धड रडताही येत नाही. मी म्हणाले, "घरी जाऊन त्याला सांगा. नाहीतर मी सांगते, आणि मोठ्याने सांगते."

"तू मोठ्याने सांगितलंस तर मलाही ऐकू येईल," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

नवरा पायरीवर बसला होता. सासरे पाठमोरे उतरत असतानाच त्याने विचारलं, "कसे आहेत ब्रेक?" उत्तर आलं नाही, तसा तो नेहमीप्रमाणे उठून घरात जायला लागला. मी सासऱ्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

"इकडे ये," सासरे म्हणाले. "समोर उभा राहा आणि विचार. मला ऐकू येत नाही."

नवरा समोर येऊन उभा राहिला. विचारायचं विसरला.

"ब्रेक आता चांगले आहेत. दुपारी झालंय म्हणालो, तेव्हा झाले नव्हते. खोटं बोललो. ऐकू न येण्याला पुष्कळ वर्षं झाली."

नवरा आणखी एक पाऊल पुढे आला. मग, समोरच्याला समजावं म्हणून शब्द सुटे सुटे करत म्हणाला, "मी गाडी शिकलो तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. जमतंय का म्हणून. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"कधी?"

"तेव्हा. मी चालवत होतो, तुम्ही शेजारी होतात."

"नाही ऐकलं," सासरे म्हणाले. "जमतं तुला. पहिल्या दिवसापासून जमतं."

नवऱ्याने मान खाली घातली, आणि मग ती पटकन वर केली, कारण त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलताना तोंड दिसायला हवं होतं.

इतक्यात खिडकीतून सासूबाईंनी मला हाक मारली. मी आत गेले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. "त्यांना माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"बहुतेक."

त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि मला त्यांची खुर्ची अंगणात ठेवायला सांगितली. सासऱ्यांच्या अगदी समोर. मी आणि नवऱ्याने त्यांना धरून नेलं, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला. सासऱ्यांना दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली. त्यांनी थेट मुलाच्या शाळेच्या पहिल्या वर्षापासून धरलं. तापात एकटीने काढलेल्या रात्री, धाकट्या दिराचं बोलणं, आवडलेली आणि न घेतलेली साडी, स्वतःच्या आईच्या शेवटच्या दिवसांत कुणाजवळ बोलता न आलेलं सगळं. मधून मधून त्या रडत होत्या, पण थांबत नव्हत्या. शेजारीण कुंपणाशी आली आणि उभीच राहिली. उजेड कमी व्हायला लागला तसा नवऱ्याने अंगणातला दिवा लावला आणि तो सासूबाईंच्या तोंडावर येईल असा वळवला. सासरे गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून बसले होते. डोळे दुसरीकडे वळवले असते तर ऐकू येणं बंद झालं असतं. त्यांनी ते वळवले नाहीत.